सुनावणीआधीची सही

बारा वर्षं मी एका आरोग्य संस्थेच्या शिस्त समितीचा कायदा सल्लागार होतो. सल्ला मी द्यायचा, निकाल समितीने. खरं तर निकालही मीच लिहायचो, कारण सभासदांना कायम बस गाठायची असायची. कारंजा, मंगरूळहून वाशीमला यायचं, खुर्चीत बसायचं, 'नियमाप्रमाणे' म्हणायचं आणि परतायचं. कंटाळलो होतो.

त्या दिवशी अंजना नर्सबाईंचं प्रकरण होतं. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आया पहाटेच शेतात जातात, म्हणून या बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन लेकरांना लस टोचायच्या. तिथे लिहायची सोय नाही, म्हणून रजिस्टरात 'लस दिली' अशी खूण घरूनच करून निघायच्या. एक आई लेकरू घेऊन माहेरी गेली, खूण तशीच राहिली आणि नेमकी त्याच दिवशी तपासणी आली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या माहेरी जाऊन लस दिली, पण ते कोण बघतो? सतरा वर्षांची नोकरी पणाला लागली होती.

बाई जुन्या रजिस्टरांची पिशवी घेऊन आल्या. अध्यक्ष प्रेमसिंग साहेबांनी छापील कागद पुढे सरकवला.

"बाई, इथं सही करा, मंग बोला. मले मंगरूळची बस पकडाची हाय."

बाईंनी कागद वाचला. 'माझे म्हणणे समितीने पूर्ण ऐकून घेतले.' खाली तिन्ही सभासदांच्या सह्या सकाळीच झालेल्या.

"साहेब, तुमी तं अजून काईच आयकलं नाई."

"आयकतोच ना आता! कायले टाइम खाऊन राह्यल्या?"

बाई चिडल्या नाहीत. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "मी बी हेच केलं, साहेब. आधी लिवलं, मंग देनार होती."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तो नमुना मीच तयार केला होता. बारा वर्षांत त्यावर किती जणांनी निमूट सही केली असेल? मला स्वतःचीच लाज वाटली.

मी तो सह्या झालेला कागद पुरावा म्हणून उचलून फायलीला लावला. "माझा सल्ला लिहून घ्या. या बाई दोषी असतील, तर आपण चौघंही आहोत. आता आधी यांचं ऐकू."

प्रेमसिंग साहेबांची बस गेली. बाई दोन तास बोलल्या. ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

पुढच्या महिन्यात मला पत्र आलं. समितीला आता सल्लागाराची गरज नव्हती. खाली तिघांच्या सह्या होत्या. माझं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं.