बाईसाहेबांचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि जन्मात कधी खोटं बोललेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मध्यंतरी या घरात माझ्यावर नाही नाही ते आळ आले.

पोटात स्प्रिंग, चेहऱ्यावर आकडे आणि डोक्यावर पत्र्याचं ताट, असा मी कारखान्यातून बाहेर पडलो. या घरातली आई केक करून विकते. पंधरा वर्षं तिचा मैदा, साखर, लोणी मीच तोललं. "माझा काटा म्हणजे सोनं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मग उजळत्या आकड्यांचा नवा काटा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला धाकट्या मुलीने खाली काढलं, ते तिच्या गिनीपिगांसाठी. दोघी होत्या, कारण एकट्या गिनीपिगला करमत नाही. एक बाईसाहेब, दुसरी ठकू. दर रविवारी ती दोघींना आळीपाळीने माझ्या ताटात बसवायची आणि आकडा वहीत लिहायची. कुठे तो लोण्याचा वास आणि कुठे या लेंड्या! ठकू तर दर वेळी आठवण ठेवूनच उठायची. पण काम ते काम.

खाण्याचे नियम मुलीने भिंतीवर चिकटवले होते. दिवसभर वाळलेलं गवत, थोडा पाला आणि रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कारण क जीवनसत्त्व यांच्या अंगात तयारच होत नाही. आजोबांना मात्र हे गवताचं प्रकरण पटेना. त्यांच्या तोंडात एकही दात नाही आणि कवळी कायम डबीत. "वाळकं गवत कसं चावणार गं बिचारी?" असं म्हणत ते गुपचूप दुधात भिजवलेला ब्रेड भरवायचे. ठकूने तोंड फिरवलं. बाईसाहेबांना चटक लागली आणि गवत सुटलं. मी शेजारच्या फळीवरून सगळं बघत होतो, पण सांगणार कसा?

एका रविवारी मी बाईसाहेबांचं वजन साठ ग्रॅमने कमी दाखवलं. पुढच्या रविवारी आणखी सत्तरने. झालं, घरात माझीच उलटतपासणी सुरू झाली.

"काटा म्हातारा झालाय," बाबा म्हणाले. "बघा ना, कशी गोल गरगरीत दिसतेय ती!"

"स्प्रिंग गेली असेल," आई म्हणाली. आई! मला सोनं म्हणणारी!

"द्या टाकून भंगारात," आजोबांनी निकाल दिला.

आजारी गिनीपिग केस फुलवून बसतो आणि म्हणून गुबगुबीत दिसतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी भंगाराच्या खोक्यात जाऊन पडलो. माझं सोडा हो, पण बाईसाहेब पुढचा रविवार बघणार नाहीत, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

मुलगी मात्र हट्टी. तिने मला उचलून टेबलावर ठेवलं आणि माझ्या ताटात एक किलो साखरेचं न फोडलेलं पाकीट ठेवलं. बरोब्बर एक किलो! मग अर्धा किलो मैदा ठेवला. बरोब्बर अर्धा!

"आई, काटा बरोबर आहे," ती म्हणाली. "म्हणजे बाईसाहेबच झिजत चालल्यात."

तासाभरात सगळे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पुरावा म्हणून मीही गेलो.

"दाढा इतक्या वाढल्यात की हिला जीभ हलवता येत नाहीये," बाई म्हणाल्या. "यांचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून चावूनच ते झिजतात. हिला मऊ काय देता?"

"जन्मभर वाढतात?" आजोबांनी नकळत आपल्या बोळक्यावरून जीभ फिरवली. मग त्यांचे डोळे भरून आले. "मीच ब्रेड देत होतो. मला वाटलं, हिचंही माझ्यासारखंच असेल."

बाईंनी दाढा घासून दिल्या. पुढचे दहा दिवस आजोबा ठरल्या वेळी सिरिंजने पातळ खाणं भरवत होते. मग बाईसाहेबांनी गवताची एक काडी ओढली, मग दुसरी. रविवारी आजोबांनीच त्यांना माझ्या ताटात बसवलं आणि तोंड फिरवलं. "तूच बघ गं, मला बघवत नाही."

"आठ ग्रॅम वाढलं!" मुलगी ओरडली. आजोबांनी बाईसाहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग माझ्या ताटावरूनही फिरवला.

मित्रांनो, गिनीपिग आपलं दुखणं लपवतो. त्याला गवत द्या, सोबत द्या आणि दर आठवड्याला तोला. आकडा आवडला नाही, तर आधी डॉक्टर गाठा. माझ्याशी भांडायला नंतर वेळच वेळ आहे. आजारी गिनीपिगकडे तो नसतो.