सिस्टरबाईंचा मुराळी

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की सासरी नांदणाऱ्या लेकींचे डोळे वाटेला लागतात. भाऊ येतो, भाऊ नसेल तर चुलतभाऊ येतो, आणि तिला माहेरी घेऊन जातो. या न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आला नाही तर लेक जात नाही, मग माहेर गल्लीच्या टोकाला का असेना. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ यावरूनच झाला.

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या कडेला मिशनचा दवाखाना आणि दवाखान्यात सिस्टर इमेल्डा. आयर्लंड देशातून तरुणपणी आल्या आणि आमच्याच होऊन बसल्या. अहिराणी अशी बोलायच्या की धुळ्याहून आलेला साहेबच त्यांच्यापुढे परदेशी वाटायचा. कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर असला की त्यांना दुसरं जेवण लागत नसे. आमचा मुलगा लीलाधर पायाळू, तो त्यांच्याच हातावर जन्मला. पुढे डॉक्टर झाला आणि त्यांच्याच शब्दावर त्यांच्याच देशातल्या इस्पितळात लागला. त्र्याण्णव साली सून बाळंत व्हायची होती म्हणून त्यानं आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतलं.

आम्ही दोघं म्हणजे मी अभिमन आणि माझी बायको भिकुबाई. मी कापूस पिकवतो. पण कोणी विचारलं तर आधी टाळकरी म्हणून सांगतो. पंचक्रोशीत कीर्तन असलं आणि मी महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभा नाही, असं सहसा होत नाही.

निघण्याआधी सिस्टरबाईंचा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी औषधाची एक रिकामी बाटली दिली. फुटू नये म्हणून तिला आपल्या जुन्या निळ्या चौकड्याच्या एप्रनची पट्टी गुंडाळली होती.

"मना गावम्हा झिरा शे," त्या म्हणाल्या. "तेन्हं पानी ली या. बस, आखो काही नको."

"तुम्ही सोता काबरं जातस नही माहेरले?" भिकुबाईनं विचारलं. "आते तं तुमना मठना नियम बी सैल व्हयना. बाकीन्या सिस्टर जाई येतीस."

"भाऊनं बलावं नही. बिगर बलायेल कशी जाऊ?"

"आखाजीले बी नही?"

"तठे आखाजी नही ऱ्हास, माय."

"पन बहिनी तं ऱ्हातीस ना?"

सिस्टरबाई हसल्या आणि कपाट आवरायला वळल्या. ते कपाट आवरलेलंच होतं. भिकुबाईनं ते पाहिलं, मीही पाहिलं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "तेस्ना भाऊले, त्या मायकलले मी इचारस. मुराळी बनीसन ये, आसं तोंडवर सांगस." मी म्हटलं, आपण पाणी आणायला चाललो आहोत. ती म्हणाली, पाणी तुम्ही आणा.

तिकडे नातू झाला, बारसं झालं, आणि एका रविवारी लीलाधर आम्हाला गाडीत घालून सिस्टरबाईंच्या गावी घेऊन गेला. गावाचं नाव किलारॉन. मूठभर घरं, एक दुकान, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. पण जुनेपण असं की बोलायची सोय नाही. येशूचा धर्म त्या देशात नवा आला तेव्हा तिथं साधूंचा मठ होता. त्यांचा दगडी मनोरा अजून उभा होता, सरळ, आभाळात गेलेला. त्याचं दार मात्र जमिनीपासून दोन माणसं उंच.

"जिना कोठे शे?" भिकुबाई मनोऱ्याभोवती फिरून आली.

लीलाधरनं सांगितलं की लुटारू आले की साधू शिडीनं वर चढायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे.

"आनि म्हातारा साधू मांगे पडना मंग?"

लीलाधरनं आम्हाला पुढे चालवलं.

शेजारी एक भला मोठा दगडी क्रूस होता, खालपासून वरपर्यंत चित्रं कोरलेला. लोकांना वाचता येत नव्हतं त्या काळी साधू या चित्रांवर बोट ठेवून कथा सांगत, असं कळलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. म्हणजे हे दगडातलं कीर्तनच की! एका चित्रात एक भक्त सिंहांच्या मधोमध निवांत उभा होता. मी मनात म्हटलं, प्रल्हादाच्या ओळखीचा दिसतो. तिथंच हात जोडले.

मायकलभाऊ सिस्टरबाईंचे पाठचे भाऊ. एकटे राहत, मेंढ्या पाळत, आलेल्या-गेलेल्याला गावातली जुनी ठिकाणं दाखवत. उंच, लाल गालांचा, कमी बोलणारा माणूस. घरी नेलं, चहा दिला. भिकुबाईनं आणलेली बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, चळत त्यांच्यापुढे ठेवली. बिबडी निखाऱ्यावर भाजून खातात हे लीलाधर सांगणार, तेवढ्यात त्यांनी एक उचलून कच्चीच दाताखाली घातली. लीलाधरनं घाईनं सांगितलं. त्यांनी हात वर केला, म्हणजे चालतंय. मग बराच वेळ बोलणं झालं नाही, कारण त्यांचा जबडा मोकळा नव्हता.

मोकळा झाल्यावर त्यांनी पावसाबद्दल विचारलं, कापसाबद्दल विचारलं. बहिणीचं नाव काढलं नाही.

"इचार तेस्ले," भिकुबाई लीलाधरला म्हणाली, "बहीनले काबरं बलावतस नही?"

"माय, पहिल्याच भेटीत असं विचारत नाहीत इथं."

"मंग दुसरी भेट कव्हय व्हई? तुना पोऱ्याना लगीनम्हा?"

लीलाधरनं काहीतरी मऊ करून विचारलं. मायकलभाऊंनी कप ठणकन खाली ठेवला. म्हणाले, "आई गेली तेव्हा ती आली नाही. तिची माणसं आता तिकडे आहेत." आणि उठून कोट घातला. "चला, विहीर दाखवतो."

भिकुबाई माझ्या कानाशी लागली, "कप काय आपटाडी ठेवा! रुसेल शे. रुसेल मानूस बरा ऱ्हास, इसरेल नही."

विहीर म्हणजे जमिनीलगतचा झराच, दगडांनी बांधलेला. त्या गावच्या संताच्या नावाची. लोक तिच्याभोवती उजव्या हाताला फेऱ्या घालतात, प्रार्थना पुटपुटतात. मी चपला काढल्या आणि गार दगडावर पाय ठेवल्याबरोबर पांडुरंगाचं नाव जरा जोरातच निघालं. बाटली भरून घेतली.

आणि भिकुबाईला झाड दिसलं. विहिरीवर वाकलेलं, काटेरी, आणि फांदी न् फांदी चिंध्यांनी भरलेली. लाल, पांढऱ्या, पावसानं विरलेल्या.

"आरे, हाई तं आपलीच चिंध्यामाय!" ती आनंदानं ओरडली. आमच्या शिवारातही असंच एक बाभळीचं झाड आहे, नवसाच्या चिंध्यांचं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, जवळ चिंधी नव्हती. मग माझ्या हातातल्या बाटलीची निळी पट्टी सोडली, पदर सावरला, फांदी ओढून पक्की गाठ मारली आणि मोठ्यानं नवस बोलली. मागणं काय होतं ते सांगायला नकोच.

मायकलभाऊ पाहत होते. पुढे येऊन त्यांनी ती पट्टी बोटांत धरली. "हे कापड कुणाचं?"

"सिस्टरचं," लीलाधर म्हणाला. "त्यांच्या एप्रनचं."

त्यांच्या गालांवरची लाली बघता बघता उतरली. ते मटकन दगडावर बसले आणि हलक्या आवाजात भराभरा काही विचारू लागले. लीलाधर आमच्याकडे वळला तो गोंधळून.

"आबा, इथं या झाडाला कोणीही चिंधी बांधत नाही. जो दुखणाईत असतो त्याच्याच अंगावरच्या कपड्याची बांधतात. चिंधी सडत जाते तसं दुखणं उतरतं म्हणे. ते विचारताहेत, तिला काय झालंय? हृदय का? कधीपासून? आणि तिनं कळवलं का नाही?"

बहिणीचं नाव न काढणारा माणूस टोपी हातात चुरगाळत बसला होता. लीलाधर "तसं काही नाही" म्हणायला तोंड उघडणार, तोच भिकुबाईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"उगा ऱ्हाय! आठ दिन तरी आजारी ऱ्हाऊ दे तिले."

"खोटं कसं सांगू, माय?"

मलाही ते झेपेना. जन्मभर कीर्तन ऐकल्याचा हा तोटा आहे, खोटं ओठावर आलं की मागे कोणीतरी टाळ आपटल्यासारखं होतं. त्यात देवाची जागा. मी म्हटलं, "खरं सांगून टाक, लीला."

"सांग ना मंग खरं," भिकुबाई उसळली. "आजारी शेच ती. तिले माहेरना आजार शे. डॉक्टर शेस ना तू? नाडी नही समजस तुले? 'भाऊनं बलावं नही' म्हने आनि आवरेल कपाट पुन्हा आवरत बसनी. याले काय म्हनतस तुमना पुस्तकम्हा?"

लीलाधरनं या वेळी काही मऊ केलं नाही, जसंच्या तसं सांगितलं. मायकलभाऊ आधी रागावले. असं माणसाला घाबरवतात का, म्हणाले. मग पुन्हा तेच पालुपद : आईच्या मातीला ती आली नाही.

आता मात्र मला राहवेना. मी पुढे झालो. मी आयुष्यात कधी कीर्तनाला पुढे उभा राहिलेलो नाही, कायम मागच्या रांगेत. पण त्या दिवशी लीलाधरला म्हटलं, मी सांगतो, तू मागून धर.

"मायकलभाऊ, तुमची आई गेल्याची तार आली तेव्हा आमच्या गावात सप्ताह चालू होता. मठाचा नियम होता, बाईंना निघता येत नव्हतं. त्या मांडवात आल्या आणि बायकांच्या मागे जाऊन बसल्या. त्यांना कधी रडताना कोणी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी रडत होत्या. महाराजांनी कीर्तन थांबवून विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, 'मनी माय गयी. मी जाई शकस नही.' महाराजांनी चालू आख्यान सोडून दिलं. म्हणाले, आज हे कीर्तन त्या माउलीचं. आणि सगळ्या गावानं तुमच्या आईसाठी नाम घेतलं. तिचं नाव आम्हाला नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून नुसतं 'माय' म्हणत होतो. मी टाळ वाजवत होतो. माझे हात दुखले, पण बाई उठेपर्यंत कोणी थांबलं नाही."

लीलाधर सांगत गेला. शेवटी 'माय' या शब्दाशी तोच थांबला, तेव्हा मागून धरायचं काम उलट माझ्याकडेच आलं. टाळ नव्हते. मी टाळ्या वाजवत त्या दिवशीचा नामगजर धरला. भिकुबाईनं सूर लावला, जरा वरचाच. एक मेंढी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

मायकलभाऊ उठले आणि काही न बोलता विहिरीभोवती चालू लागले. आम्हीही त्यांच्यामागे निघालो. फेऱ्या झाल्यावर त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "पत्र लिहितो."

"पत्र नको," भिकुबाई म्हणाली. "पत्रवर लेक जास नही. सोता येवानं. आखाजीले."

आखाजी म्हणजे कोणता ऋतू, असं त्यांनी विचारलं. लीलाधर म्हणाला, "थोडा उबदार असतो." एवढं एक खोटं त्या जागी झालंच.

आम्ही परतलो, सिस्टरबाईंना पाणी पोचवलं, मुराळ्याचं मात्र बोललो नाही; आणि आखाजीला आले हो ते! शिरपूरच्या बसस्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा मला वाटलं, कोणीतरी मिरच्यांचं पोतं उभं केलंय. लाल गाल कुठले, सगळा माणूसच लाल. हातात लोकरीचा कोट. मी त्यांना आधी आमच्या घरी नेलं, माठातलं पाणी दिलं, डोक्याला ओला पंचा बांधला, आणि भिकुबाईनं त्यांना पुढे घालून दवाखान्याकडे चालवलं.

सिस्टरबाई ओसरीत एका पोराचा कान तपासत होत्या. त्यांनी वर पाहिलं. पंचा बांधलेला माणूस कोण ते कळायला क्षणभर लागलं. मग तो कान तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. पोर बोंबललं तेव्हा सुटला.

दोघं काय बोलली ते त्यांच्या भाषेत होतं. मी विचारलं नाही. चिंधीचा किस्सा मात्र त्यांनी तिथंच सांगितलेला असणार, कारण सिस्टरबाई डोळे पुसत आमच्याकडे वळल्या त्या अस्सल अहिराणीत, "भिकुबाई, माले जित्ती आजारी पाडं का तू?"

आमच्याकडे आमरस आणि खापरावरची पुरणपोळी झाली. मायकलभाऊंनी या वेळी प्रत्येक पदार्थाला हात लावण्याआधी विचारलं, भाजायचंय का?

बहीणभाऊ निघायच्या दिवशी भिकुबाई सिस्टरबाईंना बजावत होती, "नवस फिटना. गयात का पहिले ती चिंधी सोडा."

"तठे चिंधी सोडतस नही, माय. ती आपोआप सडस."

भिकुबाईचा चेहरा उतरला. "आनि सडाले किती दिन लागतस? तवपावत तुम्ही तठेच?"

सिस्टरबाई आवरलेली पिशवी पुन्हा आवरू लागल्या. तेव्हा भिकुबाई तरातरा मायकलभाऊंपुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, लई जाई ऱ्हायनात ना? मंग मुराळीनी रीत पुरी करा. पोचाडाले बी तुम्हीच येवानं. आमनी लेक शे ती."

सिस्टरबाईंनी ते त्यांना आपल्या भाषेत सांगितलं. सांगताना त्यांचा हात भिकुबाईच्या खांद्यावर होता. मायकलभाऊंनी पंच्यानं मान पुसली, मान डोलावली आणि एकच विचारलं, "पोचवायची रीत हिवाळ्यात चालते का?"