हत्तीरावांचा कापूस

उकंडाजी कापसाची भरली गाडी आर्णीच्या खरेदी केंद्राच्या अर्ध्या वाटेतून परत घेऊन आले. "माल नाकारला म्हणून मेसेज आला, दीपा. पाह्यला बी नाही, आन् नाकारला!"

सासऱ्यांच्या फोनवरचा मेसेज पाहून दीपाच्या अंगाचा तिळपापड झाला. हा मेसेज पाठवणारं कापूस खरेदीचं ॲप तिचीच कंपनी बनवत होती. चाचणीसाठी तिनं कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या एका तात्पुरत्या कप्प्यात, वेगळा डेटाबेस उभारला होता, काम झालं की पुसून टाकायचा. त्यातले शेतकरी म्हणजे लेकीची खेळणी : हत्तीराव, बाहुलीबाई. नंबरही खोटेच.

तिनं सोबत काम करणाऱ्या अमरला फोन लावला.

"पोरखेळ वाटला तो, ताई. मी माझा वेगळा कंटेनर करून त्यात खरे शेतकरी भरले. टेस्टच तर होती."

"नंबर खरे, मेसेज खरे, मंग टेस्ट कायची रे? माह्या सासऱ्यानं गाडी वळवली!"

"त्यांना सॉरी सांगा ना."

"मी कायले सांगू? तूच सांग."

तिनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला. मांडीवरच्या लेकीला थोपटत तिनं अमरचा कंटेनर पुसला आणि हत्तीरावांना पुन्हा चाचणीच्या वावरात बसवलं.

अंगणात उकंडाजी म्हणत होते, "मले एकट्याले नको सांगू, बाबू. ज्याले ज्याले मेसेज गेला, त्या हरेकाले फोन लाव. मी आयकून राह्यलो."