एकाच ब्लॉकचे दोन नंबर

नवीन डॉक्टरीणबाईंचा तक्ता पाहिला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. इतका सुबक तक्ता खरा असूच शकत नाही.

मी तीस वर्षं या लॅबमध्ये मेण कापते आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मशीनवर त्याचा फुंकरीने उडेल असा काप काढायचा, तो कोमट पाण्यावर पसरवायचा आणि अलगद काचेच्या स्लाइडवर उचलायचा. मग रंग द्यायचा. वाचायचं काम डॉक्टरांचं. एवढ्या वर्षांत मला एक कळलं, माणसाचं शरीर कधी शहाण्यासारखं रांगेत उभं राहत नाही. बाईंच्या तक्त्यात मात्र सगळे रांगेत.

बाईंचा अभ्यास यकृताच्या कॅन्सरचा. गाठीच्या पेशींमध्ये एक ठरावीक प्रथिन किती आहे, ते रंगावरून बघायचं. रंग चढलाच नाही तर शून्य, गडद तपकिरी झाला तर तीन. मग त्या आकड्याशी ताडायचं, कोण किती जगलं. पहिल्या शंभर स्लाइड वाचून झाल्या, आकडेमोडवाल्यांनी तक्ता करून पाठवला आणि तो फलकावर लागला. शून्य आणि एकवाले बहुतेक ठणठणीत. तीनवाल्यांत दोन वर्षं ओलांडलेला माणूस एकच.

सगळे बाईंचं कौतुक करत होते. मी चहा घेतला आणि माझ्या मशीनकडे गेले.

माझा यात एवढा जीव का, तेही सांगून टाकते. या अभ्यासात जुन्या रुग्णांबरोबर काही नवेही घेतले होते, पुढे त्यांचं काय होतं ते बघायला. त्यातला एकशेत्रेसष्ट नंबर आमच्या ह्यांचा. तीन महिन्यांपूर्वी ह्यांच्या यकृतातली गाठ काढली. सर्जन म्हणाले, सगळं साफ आहे, मजेत राहा. हेही लगेच मजेत राहायला लागले. गाडी शिकवायचं काम ह्यांचं, ते पुन्हा सुरूसुद्धा केलं. आणि शंभराच्या पुढच्या स्लाइड वाचताना बाईंनी एकशेत्रेसष्टसमोर लिहिलं होतं, तीन.

कोणता नंबर कुणाचा, हे बाईंना ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण नंबर मीच चिकटवले होते. बाई खऱ्या असतील तर आमचं काही खरं नव्हतं. बाई लबाड असतील तर त्या तीनला काडीचा अर्थ नव्हता. मी बाईंवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागले.

आणि बघायला लागलं की दिसतंच. कोण जगलं, कोण गेलं ही यादी फक्त रेकॉर्डच्या कारकुनाकडे असायची. घरोघरी फोन करून तोच ती भरायचा. स्लाइड वाचणाऱ्याने ती यादी बघायची नाही, हा नियम. मग हा प्राणी दर शुक्रवारी बाईंच्या खोलीत वही घेऊन का जातो? आणि दार का लावून घेतात?

दुसरं म्हणजे, बाईंनी अकरा स्लाइड माझ्याकडे परत पाठवल्या. "काकू, यांचे काप पुन्हा घ्या, जरा खोलातून." कारण काही नाही. मी कारकुनाला कोपऱ्यात गाठलं आणि यादी बघून घेतली. अकरापैकी नऊ जण जिवंत. म्हटलं, बरोबर आहे. जिवंत माणसांचा हवा तो रंग येईपर्यंत काप घेत राहायचे. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, ते इथेच मुरत होतं.

घरी गेल्यावर मी सगळं ह्यांना सांगायची. शून्य म्हणजे काय, तीन म्हणजे काय, तीनवाले कसे पटापट जातात असं बाईंचा तक्ता म्हणतो, सगळं. ह्यांना मजा वाटायची. "आज काय केलं तुझ्या चोरबाईने?" असं विचारल्याशिवाय जेवण सुरू व्हायचं नाही. ह्यांची स्लाइडही त्या ढिगात आहे, एवढं मात्र मी गिळून टाकलं होतं.

पाचव्या आठवड्यात मी सापळा लावला. ह्यांचा ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला. दोन काप फाटले, तिसरा नीट आला. त्याला रंग दिला आणि नवा नंबर चिकटवला, दोनशे सात. मग कारकुनाकडे गेले.

"दोनशे सातसमोर पेन्सिलीने लिही. नऊ वर्षं, जिवंत."

"काकू, हा कोण पेशंट? माझ्याकडे नोंदच नाही."

"तुला नसत्या पंचायती कशाला? लिही सांगते तेवढं. बुधवारी येऊन मीच खोडीन."

त्याने लिहिलं. तो मला घाबरतो, त्याच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

सापळा साधा होता. बाई यादी बघत असतील तर नऊ वर्षं जगलेल्या माणसाला तीन देणार नाहीत. एक देतील, नाहीतर स्लाइड परत पाठवतील. मग बुधवारी बाईंचा आकड्यांचा कागद आला की तो घेऊन मी सरळ वर, मोठ्या साहेबांकडे जाणार होते. वर जाऊन काय बोलायचं, तेही भांडी घासताना पाठ करून ठेवलं होतं. सून नाही, सासू नाही, भांडायला हक्काचं माणूसच नाही घरात, त्यामुळे मला तयारी लागते.

शुक्रवार गेला. कारकून वही घेऊन आत जाऊन आला. बुधवारी सकाळी बाईंचा कागद आला. मी उभ्या उभ्या दोनशे सातपर्यंत बोट नेलं.

तीन.

तेवढ्यात बाईंनीच आत बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"काकू, एकशेत्रेसष्ट आणि दोनशे सात एकाच माणसाच्या आहेत ना?"

मी दोन्ही काचा उचलून उजेडाकडे धरल्या.

"आकडा लिहून झाल्यावर लक्षात आलं. कडेची ही रक्तवाहिनी बघा, दोन्हींकडे तीच. पाच आठवड्यांच्या अंतराने वाचल्या, दोन्ही वेळा तीनच आलं. मला तपासून बघत होतात?"

"हो," मी म्हणाले. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं?

मला वाटलं, भडकतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "बरं केलंत. हे मीच करायला हवं होतं. मला स्वतःवरच संशय होता. जास्त जगलेल्या लोकांचे ब्लॉक जुने असणारच. जुन्या ब्लॉकवर रंग फिका चढतो. मग प्रथिन खरंच कमी आहे, की नुसतं ब्लॉकचं वय झालंय? म्हणून कारकुनाला मी दर शुक्रवारी ब्लॉकचं साल विचारत होते. यादी उघडायची नाही, फक्त साल. जुन्या आणि फिक्या अकरा स्लाइड तुमच्याकडे परत पाठवल्या. आतला भाग हवेपासून सुरक्षित असतो, पण खोलातून नवा काप घेतला तरी फिक्याच राहिल्या, म्हणजे प्रथिनच कमी."

"दार का लावता मग?"

"दाराची कडी बिघडलीय. लावलं नाही तर आपटत राहतं."

पाच आठवडे मी एका बिघडलेल्या कडीवर संशय घेत बसले होते. मला हसूही आलं असतं, पण टेबलावर त्या दोन स्लाइड होत्या आणि दोन्हींचा आकडा तीन.

"कुणाचा ब्लॉक आहे?" बाईंनी सहज विचारलं. मी एकशेत्रेसष्टची काच जरा सरळ केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कारकुनाकडून घेतलेल्या सालांच्या कागदावर एकशेत्रेसष्टसमोरचं साल बघितलं, आणि माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन कधी झालं ते त्यांना आठवलं असावं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"काकू, हा आकडा शंभर माणसांबद्दल बोलतो. एकाबद्दल नाही सांगता येत. तीनवालाही कुणी जगतो."

"माझ्याकडे शंभर नाहीत, बाई," मी म्हणाले.

यादीतली ती पेन्सिलीची ओळ खोडायला गेले. नऊ वर्षं, जिवंत. खोडायला माझा हात होईना. शेवटी कारकुनानेच रबर घेतलं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा हे गॅलरीत बसून शब्दकोडं सोडवत होते.

"काय मग, पकडली का चोरबाई?"

"नाही. बाई एकदम सच्च्या आहेत. मीच मूर्ख ठरले."

"अरे वा. आज तू चुकलीस? तारीख लिहून ठेवतो." हे हसले. मग हसता हसता थांबले. आमचे हे मंद नाहीत. पाच आठवडे रोज जेवताना मीच त्यांची शिकवणी घेतली होती.

"म्हणजे ते तीनवाल्यांचं सगळं खरं?"

"हो."

"माझ्या गाठीची स्लाइडही असेल त्यात. तूच कापली असशील."

"दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता का मी?"

"आणि बाईंनी ती वाचली."

"दोनदा."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. आकडा विचारलाच नाही. शब्दकोड्याची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा जे आलं," मी म्हणाले, "ते मला नको होतं."