मंदाकिनीचा कौल

नंदगडच्या पलीकडे, रानाला टेकलेल्या एका गावात मनूचं घर होतं. तिचा थोरला भाऊ परशराम बेळगावात कापडाच्या दुकानात कामाला होता. महिन्यातून एकदा तो मोटारीने घरी यायचा, तेव्हा मालकिणीचं वाचून झालेलं मासिक चौथी शिकलेल्या बहिणीसाठी आणायचा. त्यात वर्षभर मंदाकिनी आणि श्रीधरची गोष्ट येत होती. ती पुण्याच्या वकिलाची मुलगी, तो गरीब मास्तर. पत्रांतून तो तिला जन्माची वचनं द्यायचा, पण आईसमोर त्याच्या तोंडून चकार शब्द निघत नसे.

तांदूळ निवडताना मनू मोठ्याने वाचायची आणि वहिनी मालुबाई मध्येच बोलायची.

"ह्यो काय लगीन करायचा न्हाय. भित्रं हाय ते."

"भित्रा न्हाय, वयनी. मनात लई हाय त्याच्या. बोलत न्हाय एवढंच."

"मनातलं घिऊन काय चुलीत घालायचं हाय व्हय?"

मनूला राग यायचा. पुढचं सगळं तिने ठरवून टाकलं होतं. श्रीधरची आई आजारी पडणार, मंदाकिनी तिची सेवा करणार, आणि म्हातारी आपल्या हाताने दोघांचे हात जुळवणार. पाण्याला जाताना तिने हे मालुबाईला इतक्या खात्रीने सांगितलं, की मालुबाईने विचारलं, "कवा झालं हे?"

त्याच चैत्रात कडोलीहून मनूला स्थळ आलं. मुलगा नागोजी. बघायला आला आणि पानसुपारी होईपर्यंत आढ्याकडे बघत बसला. जे विचारायचं ते त्याच्या आईनेच विचारलं. मालुबाई आत येऊन कुजबुजली, "मुका न्हाय न्हवं?" मनूला मात्र तो आवडला. अगदी श्रीधर.

होकार द्यायच्या आधी मनूचे वडील आप्पा तिला घेऊन रवळनाथाच्या देवळात कौल लावायला गेले. भावकू गुरवाने दोन ओल्या पाकळ्या देवाच्या छातीला उजवी-डावीकडे चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पडली. आप्पांनी हात जोडले आणि ते बाहेर पारावर गप्पा मारायला गेले.

"मामा, आणि एक लावा की," मनू हळूच म्हणाली.

"कुणाचं गं?"

"मंदाकिनी आणि श्रीधरचं. जमंल का?"

"कुठली माणसं?"

"पुण्याची."

"तुमच्यातली व्हय?"

मनूने बाहेर पाराकडे बघून घेतलं. "व्हय," म्हणाली.

त्या दोघांच्या पाकळ्या चिकटवल्या न चिकटवल्या तोच उजवी पडली. मनूच्या कौलापेक्षाही लवकर. घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

साखरपुड्याला आठ दिवस होते तेव्हा परशराम शेवटचा अंक घेऊन आला. मनूने तो उभ्यानेच वाचला. मंदाकिनी स्टेशनवर थांबली, गाडी आली, गाडी गेली. श्रीधर आला नाही. आईने पाहिलेल्या मुलीशी त्याचं लग्न लागलं, ते दोनच ओळींत.

"मी काय म्हनत होते?" मालुबाई म्हणाली. पण मनूचा चेहरा बघून ती सूप घेऊन मागच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनू देवळात गेली. भावकू गाभारा झाडत होता. ती माणसं पुस्तकातली होती, हे ऐकून त्याच्या हातातला झाडू थांबला.

"अगं, छापलेल्या माणसांचं देवाला काय ठावं?"

"मग त्यानं व्हय का म्हटलं?"

"ते... पाकळी सुकली असंल."

"आणि माझी?"

"तुझा कौल खरा."

"कशावरनं?"

भावकू डोकं खाजवत राहिला. "तू हाईस न्हवं खरी?" एवढंच त्याला सुचलं. ती पायऱ्या उतरली तरी मागून तो पुटपुटतच होता.

आप्पांना काही सांगणं शक्य नव्हतं. त्यांनी शब्द दिला होता. देव चुकला, की लिहिणारा? आणि नागोजी खरंच श्रीधर असेल, तर बघायला आला तेव्हा ज्यासाठी तो आवडला, त्याचीच आता भीती का वाटावी? मनूला काही उमजेना.

साखरपुड्याच्या दिवशी ओटी भरून झाली. नागोजीच्या आईने साखरेची पुडी उचलली, आणि मनू सगळ्यांसमोर नागोजीला म्हणाली, "तुमच्या आईनं न्हाय म्हटलं असतं, तर आला असता?"

"मने!" आप्पा ओरडले. बायकांनी तोंडाला पदर लावले. पुडी हवेतच राहिली.

नागोजीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "अजून कवा तशी येळच आली न्हाय."

कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. मालुबाईने मागून चिमटा काढला. "ऐकलंस?"

मनूने ऐकलं होतं. हे भित्र्याचं बोलणं, की खरं बोलणाऱ्याचं? श्रीधरने अकरा अंकांत नाना वचनं दिली होती. ठाऊक नाही असं एकदाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे हा त्याच्यापेक्षा बरा ठरत होता की वाईट, हेच तिला कळेना. सासू पुडी धरून थांबली होती, आप्पांच्या कपाळावर घाम होता. मनूने हात पुढे केला. तेव्हाही तिचं काही ठरलेलं नव्हतं.