बादलीची खोली

मामाच्या होडीवरचं मासे शोधायचं यंत्र तीन दिवसांपासून समुद्राची खोली तीस सेंटिमीटर दाखवत होतं. किनाऱ्यापाशी तीस, खडकापाशी तीस, बंदराच्या तोंडाशीही तीसच. मी टीव्ही दुरुस्त करतो. पण ज्याला पडदा आणि वायर आहे ते सगळं मला येतं, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलंय.

"आज झालंच पाहिजे," मामा म्हणाला.

गेल्या महिन्यात त्याने होडी खडकावर घातली होती. त्यात आता यंत्रही बिघडल्यावर मामीने हुकूम काढला: रविवारपर्यंत यंत्र नीट झालं तर ठीक, नाहीतर होडी विकायची आणि जावयाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. आज रविवार होता.

"बाथरूमला निळी बरी दिसेल की करडी, हे सांगत मरू का मी?"

"करडी."

"गप रे, गाढवा."

बंदराबाहेर खोल पाण्यात इंजिन बंद केलं. यंत्र काहीही म्हणो, दोरीला शिसं बांधून ते सोडायचं आणि खोली पडताळायची, ही मामाची चाळीस वर्षांची सवय. शिसं तळाला टेकलं तेव्हा अडतीस मीटर दोरी गेली होती. म्हणजे यंत्र खोटं.

मी बॅटरी तपासली. ठणठणीत होती. खाऱ्या पाण्याने हिरवी पडलेली पिन घासली. यंत्राची मेमरी पुसून ते पहिल्यापासून सुरू केलं. पाण्यातला सेन्सर वर घेऊन त्यावरचं शेवाळ खरवडलं आणि परत सोडला. तीस.

"आता बादलीत घालून बघू," मी म्हणालो.

"बादलीत तीस दाखवलं तर?"

"तर ते बरोबर असेल."

मामाने बाजूने बादली बुडवून भरून घेतली. तेवढ्यात होडीला खालून हलकासा धक्का बसला, खुर्ची मागे सरकवल्यासारखा. मी सेन्सर बादलीत सोडला. पडद्यावर आकडा आला: अडतीस मीटर.

"सुधारलं की!"

"मामा, ही बादली आहे."

"असू दे. खोली बरोबर आहे ना?" असं म्हणत त्याने सवयीने शिसं बादलीत सोडलं.

दोरी जात राहिली. मी बादलीच्या बुडाखाली हात घालून पाहिला. प्लास्टिक होतं, कोरडं. दोरी जातच होती. अडतीस मीटरवर ती सैल पडली.

मग मी वल्हं समुद्रात घातलं. फूटभर गेलं आणि तळाला लागलं. क्षितिजापर्यंत पाणी तसंच चमकत होतं, पण लांबच्या होड्या एकेक करून कुशीवर वळत होत्या, आवाज न करता, झोप लागल्यासारख्या. यंत्र बिघडलं नव्हतंच. जरा घाई करत होतं, इतकंच.

"मामीला काय सांगू?" मामाने विचारलं.

"यंत्र ठीक आहे, समुद्र बिघडलाय."

"असं सांगितलं तर ती मला आजच दुकानात बसवेल."

तेवढ्यात पडद्यावर तळापासून काहीतरी सुटलं. माशाची खूण कमानीसारखी येते. ही आडवी रेघ होती, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीस मीटर. एकवीस. बादलीतली दोरी ताणली गेली आणि तिला एकच झटका बसला. कुणी शेजाऱ्याने दार वाजवावं, तितका सभ्य.

मामा पांढरा पडला. पण समुद्रच नसेल तर होडी कसली, हे त्याला माझ्याआधी कळलं.

"ओत," तो म्हणाला. "समुद्रात परत ओत."

"आणि ते?"

"तेही. आपल्याला निवडायला वेळ आहे का?"

दोघांनी बादली उचलली. वजन बादलीएवढंच होतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. आम्ही ती वीस मिनिटं ओतत होतो. हात भरून आले. होडी तरंगली. लांबच्या होड्या उठून बसल्या. शेवटी पाणी संपलं आणि पाण्यामागून आणखी काहीतरी गेलं. शिंतोडा उडाला नाही. फक्त बादलीच्या आतला उजेड क्षणभर गेला आणि परत आला.

सेन्सर समुद्रात सोडला. खोली अडतीस. तळ स्वच्छ, खडक जागच्या जागी. आणि होडीच्या खाली तीन मीटरवर ती रेघ. इंजिन सुरू करून आम्ही पुढे गेलो, रेघही आली. मामाने होडी गर्रकन वळवली, तीही वळली.

धक्क्यावर मामी कंबरेवर हात ठेवून उभी होती. "झालं का?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. असं आर्जव मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. मी पडदा पाहिला.

"झालं, मामी. अगदी खरं दाखवतंय."

"शपथ?"

"शपथ."

"मग राहू दे होडी. जा पहाटे." ती वळली, मग थांबली. "एकटा नको जाऊस पण. बरोबर कुणी आहे का?"

मामाने पडद्याकडे एकदा बघून घेतलं.

"आहे," तो म्हणाला.