न बघता जुळवणी

वामनराव मास्तरांचं त्या आठवड्यात कशातच लक्ष लागत नव्हतं. चहा पुढ्यात निवत होता, पान तोंडात तसंच राहत होतं, आणि बुरहानपूरच्या बुधवाऱ्यातल्या चुडामणशेठच्या छापखान्यात ते मागच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत नुसत्या येरझारा घालत होते. कारण साधं होतं. त्यांच्या वर्गातली कोकिळा सोमवारी खंडव्याला परीक्षेला बसणार होती, आणि ती नापास झाली तर आपल्यामुळेच होणार, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

वर्ग म्हणजे छापखान्याची मागची खोली. तिथे सकाळच्या वेळी मास्तर पाच-सहा जणांना खिळे जुळवायला शिकवत. शिशाचं एकेक अक्षर म्हणजे एक खिळा. असे शेकडो खिळे लाकडी केसमधल्या खान्यांत आपापल्या घरी बसलेले असत. उजव्या हाताने एकेक उचलायचा आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे छोट्या लोखंडी साच्यात, ओळ मांडायची. हे कुठेही असंच शिकवतात. पण मास्तरांच्या वर्गाचा एक कायदा जगावेगळा होता: केसकडे बघायचं नाही. मान खाली गेली की पाठीवर पट्टी बसायची. "अंधारात पाण्याचा माठ सापडतो ना हाताला? तसा खिळा सापडला पाहिजे," ते म्हणत. चुडामणशेठला याचं भारी कौतुक. मोठं गिऱ्हाईक आलं की तो मास्तरांना डोळ्यांवर उपरणं बांधायला लावायचा. गिऱ्हाईक सांगेल ती ओळ मास्तर जुळवायचे, कोकिळा ती दोऱ्याने बांधून तिचं प्रूफ काढायची, आणि प्रूफ अगदी स्वच्छ निघायचं. शेठ असा फुलायचा की जणू डोळे त्याचेच बांधले होते.

खरं काय ते जळगावच्या एका डॉक्टरने मास्तरांना सांगितलं होतं, आणि मास्तरांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. एखाद्या वस्तूकडे नीट बघायला जावं तर नेमकी तीच धुक्यात जायची. चष्म्याने सुधारणारं हे दुखणं नव्हतं. ज्या वर्षी ते कळलं त्याच वर्षी वर्गात हा कायदा आला. आपलं व्यंग विद्या म्हणून खपवायला छाती लागते, ती मास्तरांकडे होती. पण त्यांना फार बोलही लावता येत नाही. पन्नाशीचा विधुर माणूस, उभा जन्म खिळ्यांत गेलेला. दुसरं करणार तरी काय?

कोकिळा गावातल्याच राजपुऱ्याची. नवऱ्याने टाकलेली, भावाकडे राहणारी आणि भावजयीच्या हातची भाकरी निमूट खाणारी. राज्याची नवी मांडणी झाली, राजधानी म्हणून नागपूर सुटलं आणि भोपाळ आलं, तशी कचेऱ्यांचे कागद हिंदीत छापायची एकच घाई उडाली. खंडव्याच्या एका छापखान्याला परीक्षा घेऊन जुळवणारी माणसं नेमायची होती. बायका चालतील म्हणाले, पगार बांधलेला, वर राहायला खोली. हे ऐकून कोकिळाने एवढंच विचारलं होतं, "गुरुजी, त्या खोलीले आतून कडी राहीन न?" तो प्रश्न ऐकल्यापासून ती नोकरी तिला मिळायलाच हवी असं मास्तरांच्या मनाने घेतलं होतं.

आणि मग टाइप विकणारा एजंट सुरेश आला आणि सहज बोलून गेला, "मास्टरसाब, खंडव्यात केसची जमावटच अलग आहे. तिकडून उत्तरेतून आलेली. तुमचा क जिथं बसतो, तिथं त्यांचा म बसतो."

मास्तरांच्या येरझारा तिथूनच सुरू झाल्या. दोन वर्षं आपण या पोरीचा हात आंधळा करून ठेवला. परक्या केसवर तो हात जुन्या घरी जाणार आणि भलतंच अक्षर उचलून आणणार. प्रुफावर जे काही उमटेल त्याला भाषा म्हणता येणार नाही. आपल्या डोळ्यांपायी तिच्या पोटावर पाय आला, या विचाराने त्यांना बसवेना की उभं राहवेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपल्याच केसी खंडव्याला न्यायच्या. रोज लागणाऱ्या खिळ्यांच्या दोन केसी, वर ओली कापडं दाबून, गोणपाटात शिवून. तिथल्या फोरमनच्या हातापाया पडायचं आणि म्हणायचं, पोरीला तिच्या केसवर बसू द्या. कोकिळाने गोणपाट बघितलं आणि ती चपापली.

"गुरुजी, नका नेऊ. मी करीन न काहीतरी बराबर."

"काय करशील? दोन वर्षांचा हात दोन मिनिटांत बदलतो का?"

ती काहीतरी बोलणार होती, पण मास्तरांचा चेहरा बघून तिने दोरीची गाठ आवळली.

गाडीत मास्तरांनी ते ओझं मांडीवरून हलू दिलं नाही. पाय बधिर झाले, तरी हलू दिलं नाही. खंडव्याला मात्र हमाल करावा लागला, कारण शिसं म्हणजे शिसं. कोकिळा तांगा बघायला बाहेर गेली. हमालाने प्लॅटफॉर्मभर ओझं नीट आणलं आणि मग, ट्रंक ठेवतात तसं, भिंतीला टेकवून उभं केलं. भरलेली केस उभी करायची नसते हे त्या बापड्याला कोण सांगणार? मास्तर चार हातांवर होते, पण त्यांना नुसतं काहीतरी तपकिरी दिसत होतं. त्यांना आवाज तेवढा आला, पोत्यातून हरभरे घरंगळावेत तसा, आणि तो बराच वेळ थांबेना.

छापखान्यात याला खिचडी म्हणतात. सगळी अक्षरं एकमेकांत मिसळली की एकेक खिळा डोळ्यांपुढे धरून निवडावा लागतो. आठवड्याचं काम. मास्तर त्या गोणपाटाशेजारी खाली बसले.

"कोकिळा, मी तुझं वाटोळं केलं गं," कोकिळा परत आल्यावर ते म्हणाले.

तिने गोणपाट चाचपलं, काय झालं ते ओळखलं, आणि मास्तरांच्या दंडाला धरलं. "उठा, गुरुजी. टाइम होऊन राहिला."

परीक्षा खालच्या मोठ्या खोलीत होती. मास्तर खिडकीबाहेर उभे राहिले. आत ओळीने माणसं उभी होती, प्रत्येकासमोर केस. चेहरे काही दिसत नव्हते, पण हिरव्या लुगड्यावरून त्यांनी कोकिळा ओळखली. आणि त्यांना दिसलं की तिची मान खाली आहे. नुसती खाली नाही, ती केसवर पार ओणवी झाली होती. सवयीने त्यांचा हात पट्टी शोधू लागला. मग त्यांनी तो खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला, गज धरला, सोडला. बाकीच्यांच्या खिळ्यांचा आवाज टकटक चालला होता, तिचा मात्र रेंगाळत येत होता. आता संपलं, ते मनाशी म्हणाले.

बऱ्याच वेळाने फोरमन प्रुफांचे कागद घेऊन बाहेर आला. "ये बुरहानपुरवाली बाई किसकी है? हाथ धीमा है, पर गलती एक नहीं. पहली तारीख से आ जाना."

परतीच्या गाडीत मास्तर लहान मुलासारखे खूश होते. त्यांनी शेंगा घेतल्या, समोरच्या अनोळखी माणसालाही दिल्या. पण नेपानगर आलं आणि त्यांची चुळबुळ पुन्हा सुरू झाली. कोकिळाने गोणपाटाचा टाका उसवला होता आणि ती मांडीवर केस घेऊन खिचडी निवडत होती. खिळे पटापट वेगळे होत होते.

"तू आज बघून जुळवलंस," ते म्हणाले.

"हो."

"आजच?"

ती निवडायची थांबली. "रोजच, गुरुजी. मान सीधी ठेवून डोळे खाली नेत होती. तुमाले दिसत नव्हतं ते."

बोलून गेल्यावर तिने ओठ दाबले. मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या महिन्यापासून. तुमी जुळवलेली ओळ बांधाले माह्याकडेच येत होती न. त्यात चुकेल खिळे राहाचे. मी काढून दुसरे टाकत होती."

"उपरणं बांधलेलं असायचं तेव्हा?"

"तेव्हा जादा राहाचे."

मास्तरांना आधी संताप आला. ही कोण आपला हात सुधारणारी? मग त्यांना गिऱ्हाइकांपुढे छाती काढून उभे असलेले आपण आठवले, आणि कान तापले. ते उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले.

"फार चुका असायच्या का?"

"पहिले कमी राहाचे, गुरुजी."

चांदणी स्टेशन गेलं. मग कोकिळा केसमध्ये बघतच म्हणाली, "मी नाही जात खंडव्याले. मी गेली का शेठले मालूम पडीन. तुमाले काढून टाकीन थो."

"काढेल," मास्तर म्हणाले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती आता लपवायचा कंटाळा आला होता. "पण तू पहिल्या तारखेला जायचंस. शेठला मी सांगतो. तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"काय सांगान?"

"जे आहे ते."

ते जमेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. खोटं बोलायची सवय झाली होती, खरं कुठून सुरू करायचं हेच सुचत नव्हतं. बुरहानपूर आलं, गाडीचा वेग मंदावला, माणसं सामान काढू लागली, दाराशी गर्दी झाली. कोकिळाने केसी नीट आडव्या धरून आधी प्लॅटफॉर्मवर उतरवल्या. मास्तर दारात आले, दांडा धरला आणि थांबले. मागून कुणीतरी चला, चला म्हणत होतं.

"कोकिळा, हात दे," ते मोठ्याने म्हणाले, मागच्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मला पायरी दिसत नाही."

तिने हात दिला. मास्तरांनी एक पाय टाकला आणि दुसरा अधांतरी चाचपला.

"अजून एक आहे, गुरुजी," ती म्हणाली.